विहिरीवर राहिलेली घागर

सुमारे सोळा वर्षांची एक मुलगी शेजारच्या घराच्या दाराशी उभी आहे. घरी तिची आई तापाने फणफणली आहे आणि भुकेने व्याकूळ होऊन काहीतरी खावयास मागत आहे. मुलीला भाकरीचा एक तुकडा मागावयाचा आहे. देवळांच्या ओसऱ्यांवर पुराण सांगताना जिची वाणी कधी अडखळली नाही, भागवताचे हजारो श्लोक जिला मुखोद्गत आहेत, तिच्या तोंडून त्या दारात एक शब्दही फुटत नाही. हात पसरण्याची लाज तिचा गळा धरून बसली आहे. घरातील बाईंनी तिची अवस्था ओळखली आणि भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. मुलगी लगबगीने घरी आली. परंतु आईच्या ठायी तो तुकडा खाण्याइतकेही त्राण उरले नव्हते. पुढे त्याच दुखण्यात आईने डोळे मिटले.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपल्या मंडळ्यांमध्ये कोणास ठाऊक नाही? केडगावचे मुक्तिसदन, विधवांचा त्यांनी घेतलेला कैवार, पवित्र शास्त्राचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर, या साऱ्यांविषयी आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या कार्याची यादी पुन्हा एकदा आपणापुढे मांडावी असा माझा हेतू नाही. मला विचारावयाचे आहे ते इतकेच, की त्या भाकरीच्या तुकड्याचे पुढे काय झाले? अशी एखादी आठवण मनुष्य जन्मभर बाळगून असतो. ती त्याला रात्री जागे करते, चारचौघांत गप्प करते आणि प्रार्थनेला बसावे तर आडवी येते. रमाबाईंनी ती कोठे ठेवली? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे, आणि ते आपणांपैकी पुष्कळांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या अरण्यात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांना ती भाषा शिकविणे लोकांस मान्य नसतानाही त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांना ती शिकविली, आणि पुढे आईने ते धन लेकीच्या पदरात घातले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले. वेताच्या टोपलीत घालून त्यांना डोंगराखाली आणण्यात आले. तेव्हापासून एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जावे, देवळात पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि त्यातलाही मोठा भाग पुण्यप्राप्तीसाठी दान करावा, असा त्यांचा जीवनक्रम होता.

१८७४ च्या सुमारास ते मद्रास इलाख्यात असताना दुष्काळ पडला. पुराण ऐकून दक्षिणा देणारे हात आटले. प्रथम दागिने गेले, मग चांगली वस्त्रे, मग तांब्यापितळेची भांडी. अखेर तांदळाचा शेवटचा दाणा संपला, तेव्हा हे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात मरणाची वाट पाहत राहिले. अकरा दिवस त्यांनी पाणी आणि झाडपाला यांवर काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय करून मुलांचा निरोप घेतला. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. आता कुळाचा अभिमान बाजूस ठेवून आपण मोलमजुरी करू, पण असे मरण नको, असे त्याने सांगितले. सर्वजण रानातून परतले. परंतु फार उशीर झाला होता. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. आईच्या तिरडीस खांदा देण्यास चौथा मनुष्य मिळेना, तेव्हा रमाबाईच पुढे झाल्या. उंची कमी असल्यामुळे त्यांना तो भार खांद्यावर घेता येईना. त्यांनी तो डोक्यावर घेतला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. या कुटुंबाजवळ विद्या होती, कुलीनता होती. परंतु कष्टाचे काम करणे किंवा कोणापुढे हात पसरणे त्यांच्या अभिमानास मानवणारे नव्हते. हे रमाबाईंनी स्वतःच पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा भार केवळ दुःखाचा नव्हता. त्यात लाज होती, आणि वेळीच आपण हा अभिमान सोडला असता तर काय झाले असते, हा प्रश्नही होता. ज्यांनी आपले माणूस गमावले आहे त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. वेळेवर डॉक्टरांकडे नेले असते तर? त्या दिवशी रागाने घराबाहेर पडलो नसतो तर? शोक कालांतराने ओसरतो. हा प्रश्न मात्र मनात घर करून राहतो.

यापुढील काही वर्षे बहीणभाऊ पायी हिंडत राहिले. हजारो मैल चालत ते उत्तरेस पंजाब व काश्मीरपर्यंत गेले. पांघरावयास वस्त्र नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून घेऊन त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ मध्ये ते कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बाहेरून पाहणाऱ्यास वाटले असेल की आता दुःखाचे दिवस संपले. परंतु १८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवासही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबंधन मोडून नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार सुरू झाला, मनोरमेचा जन्म झाला. आणि विवाहाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पतीला पटकीने नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, कडेवर तान्ही मुलगी घेतलेली ही विधवा जगात जवळजवळ एकटी उरली.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. तेथेही दुःखाने पाठ सोडली नाही. सोबत आलेल्या मैत्रिणीने थोड्याच काळात आत्महत्या केली. या दिवसांत मठातील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेऊन, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम दाखविले. अशा स्त्रियांना कोणी प्रेमाने जवळ घेते, हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला: शोमरोनी स्त्री, याकोबाची विहीर आणि तिच्याशी बोलणारा प्रभू येशू. त्या अध्यायाने रमाबाईंच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

त्या अध्यायातील एका शब्दाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. माझे बरेच आयुष्य पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेले आहे, त्यामुळे ही सवय जडली आहे. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी. भर उन्हात पाण्यासाठी आलेली ती स्त्री प्रभूशी बोलल्यावर आपली घागर तेथेच सोडून गावात जाते. या सोडण्यासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, त्याचा उच्चार अफिएमी असा होतो. शिमोन आणि अंद्रिया आपली जाळी सोडून प्रभूच्या मागे जातात, तेथे हेच क्रियापद आहे. मृत्यूतून उठलेल्या लाजरास जाऊ द्या असे प्रभू सांगतो, तेथेही हेच आहे. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण आपली ऋणे सोडण्याविषयी जे मागणे करतो, त्यातही हेच आहे. जाळी, घागर आणि ऋण यांसाठी एकच शब्द! भाषांतर करताना कोठे आपण क्षमा म्हणतो, कोठे सोडणे, कोठे जाऊ देणे. ओघाने तसे करावेच लागते. परंतु मुळात ही हाताची एकच क्रिया आहे. मूठ उघडावयाची आणि धरलेले सोडून द्यावयाचे.

आता कोणी म्हणेल, बाप्तिस्मा झाला, तेव्हा रमाबाईंच्या डोक्यावरचा भारही उतरला असेल. तसे झाले नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवून ठेवली नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्या मनाला शांती नव्हती. त्या अवधीत त्यांनी इंग्लंडमध्ये शिकविले, १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. जगाच्या दृष्टीने सर्व काही यथायोग्य चालले होते. परंतु आपणास ख्रिस्ती धर्म सापडला, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडला नाही, ही जाणीव त्यांना आतून पोखरीत होती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना ही जाणीव स्पष्ट झाली, आणि त्यांनी जशा होत्या तशा स्वतःस प्रभूच्या स्वाधीन केले. त्या दिवसापासून त्यांच्या लिखाणात एक निराळी प्रसन्नता दिसू लागते.

ही आठ वर्षे का लागली असावीत? मला वाटते, रमाबाईंच्या गाठोड्यात सर्वांत जुनी वस्तू दुःख ही नव्हती. मिळविण्याची सवय ही होती. सहा महिन्यांच्या असल्यापासून त्यांनी पाहिले होते ते हेच, की शांती ही व्रते करून, दाने देऊन, पायी चालून कमवावयाची असते. त्यांच्या आईवडिलांनी ते सर्व निष्ठेने केले होते, आणि ती निष्ठा खरी होती. हीच सवय लेकीबरोबर ख्रिस्ती मंडळीतही आली. आपणही पुष्कळदा असेच करतो. झालेल्या चुकीची भरपाई म्हणून मंडळीत अधिक सेवा करतो, अधिक देणगी देतो, आणि तरीही मन हलके होत नाही, म्हणून स्वतःवरच रुष्ट होतो. भार वाहून वाहून उतरत नाही, प्रियजनहो. तो उतरवून घेणारा कोणी समोर उभा आहे, असे ओळखल्यावरच तो उतरतो.

यानंतर त्यांच्या वाट्यास दुःखे आली नाहीत, असे मात्र नव्हे. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा गवगवा झाला. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या आणि ज्यांनी संस्थेला आधार दिला होता, त्या सल्लागार मंडळींनीही राजीनामे दिले. रमाबाई मुलींसह पुण्यातच राहिल्या आणि काम चालू ठेवले.

आता आपण ज्या प्रसंगाकडे येत आहोत, त्यासाठी मी हे सर्व सांगितले. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडल्याच्या वार्ता पुण्यास येऊ लागल्या. आपणापैकी कोणीही असता तरी त्या वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली असती. ज्या गोष्टीने आपले आईवडील नेले, तिचे नावही नको वाटणे स्वाभाविक होते. रमाबाईंजवळ पैसा नव्हता आणि शारदा सदनात जागा नव्हती. तरीही त्या निघाल्या. मदत केंद्रे आणि अनाथगृहे त्यांनी स्वतः फिरून पाहिली. हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली, आणि भुकेल्या मुलींना फसवून नेण्यासाठी टपलेली माणसेही पाहिली. त्या मुलींमध्ये त्यांना कोण दिसले असेल, हे सांगावयास हवे काय? सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी त्या दुष्काळातून सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्याजणींना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतावर त्यांची सोय करण्यात आली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळात आणखी शेकडोजणी तेथे आल्या.

आणि १८९७ मध्ये, वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, रमाबाईंनी आपल्या दुष्काळातील आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. रानातील ते अकरा दिवस, वडिलांचा निरोप आणि भाकरीचा तो तुकडा, सर्व काही त्यात आहे. ते लिहिताना त्यांचा हेतू रडगाणे गाण्याचा नव्हता. भुकेने मरणाऱ्यांसाठी वाचकांनी काही करावे हा होता. जी लाज एके काळी त्यांचा गळा धरून बसली होती, ती आता उरली नव्हती. परक्या दारात आपल्या आईसाठी ज्यांना मागता आले नाही, त्या आता हजारो अनोळखी मुलींसाठी देवापाशी व माणसांपाशी मोकळेपणाने मागू लागल्या.

मुक्तिसदनाची दिनचर्या पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेथे प्रत्येक मुलीने हाताचे काम शिकावे असा शिरस्ता होता. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यातील खिळे जुळविणे, यांपैकी कोणतेही काम तेथे हलके मानले जात नसे. कष्टाच्या कामाची लाज बाळगल्यामुळे ज्या घराचा नाश ओढवला, त्या घराची लेक शेकडो मुलींना कष्टाची प्रतिष्ठा शिकवीत होती. भूतकाळ सोडला याचा अर्थ येथे किती प्रत्यक्ष दिसतो!

पवित्र शास्त्रात योसेफाचे चरित्र आपण वाचले आहे. भावांनी त्याला विकले, पुढे तो मिसर देशात थोर पदास चढला, आणि आपल्या पहिल्या मुलाचे नाव त्याने मनश्शे ठेवले, म्हणजे विसर पाडणारा. परंतु दुष्काळात भाऊ समोर येऊन उभे राहिले, तेव्हा तोच योसेफ आतल्या खोलीत जाऊन रडला. तो काही विसरला नव्हता! देवाने त्याच्या आठवणीतील विष काढून घेतले होते, आठवण काढून घेतली नव्हती. म्हणूनच भुकेल्या भावांसाठी त्याला कोठारे उघडता आली. रमाबाईंचेही तसेच झाले.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. पंडितांच्या सभेत ज्या भाषेने त्यांना मान मिळवून दिला, तिचे वैभव बाजूस ठेवून त्या सोप्या शब्दांच्या शोधात राहिल्या. या कामाचा थोडाबहुत अनुभव असल्यामुळे मी सांगू शकतो, की शिकलेल्या माणसाला आपला एखादा आवडता भारदस्त शब्द सोडून देणे किती जड जाते!

हे काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मरण पावली. ती त्यांची एकुलती एक लेक आणि कामाची वारस होती. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी रमाबाईंना भविष्याविषयीची आशाही देवाच्या हाती सोपवावी लागली. त्यांनी ती सोपविली आणि पुन्हा हस्तलिखितांपुढे बसल्या. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र त्यानंतर दोन वर्षांनी छापून बाहेर आले. त्याचे खिळे मुक्तिसदनातील मुलींनीच जुळविले होते.

प्रिय वाचकहो, आपण दिल्लीस असा, हैदराबादेस असा, की एखाद्या लहानशा गावात असा, आपल्यापाशीही असा एखादा भाकरीचा तुकडा असेल. वेळेवर न पोहोचलेले औषध, न बोललेला शब्द, भावाभावांतील जुने भांडण, बालपणी झालेला अपमान. तो विसरा, असे मी आपणास सांगणार नाही. दुसऱ्या कोणास असे सांगण्याची घाईही आपण करू नये. रमाबाईंसारख्या स्त्रीसही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली. आपण इतकेच करावे: ती गोष्ट तिच्या खऱ्या नावाने, लाजेसह आणि अभिमानासह, प्रभूपुढे ठेवावी, आणि तिची किंमत आपण फेडू असे म्हणू नये. ती किंमत वधस्तंभावर दिली गेली आहे.

आणि मग तो आपणास कोठे नेतो, ते पाहावे. पुष्कळदा तो त्याच ठिकाणी परत नेतो, जेथून आपण पळून आलो होतो. ती शोमरोनी स्त्री घागर सोडून कोठे गेली? ज्यांची नजर चुकविण्यासाठी ती भर दुपारी पाण्यास येत असावी, त्याच लोकांकडे. तिला आता त्यांचे भय राहिले नव्हते, आणि हात मोकळे होते. आपलेही हात प्रभू असेच मोकळे करो.